साडेसहाचा वास

९ जानेवारी

नियम माझाच, त्यामुळे मोडायची सोय नाही. प्रकल्पात काम करणाऱ्या प्रत्येकाने रोजनिशी ठेवायची. दिवसभरात काय झालं ते लिहायचं आणि शेवटी काय वाटलं ते एका शब्दात. दारू सोडलेल्या माणसांच्या घरच्यांबरोबर वर्षभर बसायचं तर आपल्या आत काय चाललंय याचं भान हवं, वगैरे वगैरे. अनुदानाच्या अर्जात हे वाक्य लिहिताना मी स्वतःवर भलतीच खूश झाले होते. आज बैठकीत माझ्या ज्युनियरने सगळ्यांदेखत विचारलं, "मॅडम, तुम्हीपण लिहिणार ना?" म्हटलं, हो तर. दुसरं काय म्हणणार?

एकेचाळीस कुटुंबांची नोंद झाली. बैठकीच्या खोलीतला फोन चालू झाला. नव्या खुर्च्या करकरतात.

भाऊ ६.३२ ला आला. वास नाही.

काय वाटलं: काही नाही.

१२ जानेवारी

त्या दिवशीचं वाचलं. "वास नाही" हे कोणा परक्याने वाचलं तर काय समजेल! म्हणून लिहून ठेवते. भाऊ म्हणजे टिल्लू. सहा फूट उंच, चव्वेचाळीस वर्षांचा, तरी टिल्लूच. बावीस वर्षं प्यायला. चौदा महिन्यांपूर्वी सोडली, आमच्याच केंद्राच्या वॉर्डातून बाहेर पडला आणि माझ्याकडे राहायला आला. तसा आधीही माझ्याकडेच असायचा, मध्ये मध्ये गायब व्हायचा एवढंच. जुनं फर्निचर दुरुस्त करणाऱ्या एका मिस्तरीकडे पॉलिशचं काम करतो. लाखेच्या पॉलिशमध्ये स्पिरिट असतं, म्हणून रोज अंगाला वास येतो. तो वास वेगळा आणि पिण्याचा वास वेगळा. फरक ओळखायला मला दोन महिने लागले. आता डोळे मिटून सांगते.

साडेसहाला मी दारात असते. तो बूट काढायला वाकतो तेव्हा मी त्याच्या खांद्यावरची पिशवी घेते. तेवढ्यात काम होतं. त्याला कळतही नाही.

आज ६.३०. वास फक्त पॉलिशचा.

काय वाटलं: काही नाही. (एका शब्दाच्या जागी दोन झाले. चालेल.)

१९ जानेवारी

वर्गात कुटुंबाचा नकाशा शिकवला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, पिणाऱ्याच्या चौकोनात रेघा, ज्यांचं एकमेकांवाचून चालत नाही त्यांच्यामध्ये दुहेरी रेष. उदाहरण म्हणून मी दरवर्षी आमचंच घर काढते, अर्थात कोणाचं ते न सांगता. पिणारे वडील, त्यांच्याभोवती फिरणारी आई, पिणारा मुलगा, एक भाची. सगळं समजावून सांगितलं. शेवटच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"मॅडम, हा मुलगा आता राहतो कोणाकडे?"

"बहिणीकडे."

"कुठल्या? नकाशात बहीणच नाहीये. ही भाची कोणाची मग?"

वर्ग हसला. मीही हसले. खरंच, भाची तशीच हवेत लटकत होती, आईविना. घाईत राहून गेलं. मार्करही संपत आला होता.

काय वाटलं: मार्कर बदलायला हवेत.

२७ जानेवारी

६.३१. वास नाही. जेवला, भांडी घासली, झोपला.

काही नाही.

२ फेब्रुवारी

दिवसभर काचेमागे. ही काच म्हणजे आमच्या केंद्राची शान. कुटुंब बसतं त्या खोलीत तो नुसता आरसा दिसतो. मागच्या अंधाऱ्या खोलीत मी आणि विद्यार्थी, आम्हाला सगळं दिसतं. कुटुंबाला हे आधी सांगितलेलं असतं, तरी पाच मिनिटांत ते विसरतात. मध्येच वाटलं तर आम्ही आतून फोन करायचा आणि एकच प्रश्न द्यायचा. माझा प्रश्न ठरलेला आहे, विद्यार्थी त्याला "मॅडमचा प्रश्न" म्हणतात: हा माणूस कायमचा बरा झाला, तर या घरात कोणाचं काय जाईल?

आज एका बाईला विचारला. नवऱ्याने दारू सोडून आठ महिने झालेत. ती म्हणाली, "काय जाणार? काहीच नाही!" आणि मग अर्धा तास बोलत राहिली की आता घरात तिला कोणी काही विचारत नाही, शेजारणीही येत नाहीत. विद्यार्थ्यांना म्हटलं, "बघा. आजारी माणूस बरा झाला की त्याला सांभाळणाऱ्याची नोकरी जाते. तिचा राग करू नका." सगळ्यांनी लिहून घेतलं. फार छान बैठक झाली.

टिल्लू ६.५५ ला आला. म्हणे काम होतं. पॉलिशचा वास नेहमीपेक्षा जास्त.

काय वाटलं: थकवा. हा शब्द धरायचा का?

६ फेब्रुवारी

लेक सुट्टीवर आली आहे, जवळजवळ महिनाभर. बरं झालं, घरात आणखी दोन डोळे. तिचे बाबा आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात गेले ते गेलेच. जाताना म्हणाले, "तुम्हा भावाबहिणीच्या संसारात मी पाहुणा आहे." लोकांना जाताना वाक्यं फार सुचतात.

मनात पाल चुकचुकली आहे, म्हणून आज टिल्लूसाठी तक्ता भरला. "घसरणीची बारा चिन्हं" हा तक्ता मीच बनवलेला, सात केंद्रांमध्ये वापरतात. उशिरा येणं: आहे, पाच वेळा. फोन आला की गॅलरीत जाऊन दार ओढून घेणं: आहे. नवे कपडे, आरशासमोर वेळ: निळा शर्ट, इस्त्रीचा. बाहेर जेवून येणं: दोनदा. विनाकारण हसणं: आहे. प्रश्न टाळणं: "कुठे होतास" विचारलं तर "इथेच" म्हणतो, ताकास तूर लागू देत नाही. आणि अकरावं, घरातली वस्तू गायब होणं: आईचं स्टूल माळ्यावर नाही. आईचं म्हणजे, ती संध्याकाळी दारात ज्यावर बसायची ते. विचारलं तर म्हणाला, "मला काय माहीत?" आणि कान लाल.

किरकोळ दोन धरून बारापैकी नऊ. सहाच्या पुढे वॉर्डला कळवावं असं मीच खाली छापलंय.

लेकीला तक्ता दाखवला. तिने वाचला आणि म्हणाली, "आई, मामा खूश आहे असं नाही का वाटत तुला?"

"विनाकारण खूश असणं हे सातवं चिन्ह आहे."

"अगं पण..." म्हणाली आणि मोबाईलमध्ये डोकं घातलं. ही पिढी वाक्य पुरं करत नाही.

काय वाटलं: काही नाही. झोप मात्र चांगली लागते हल्ली.

११ फेब्रुवारी

आज झालंच.

७.४०. जिन्यातच वास. दार उघडलं तर पँट मांडीपासून खाली ओली, हात चिकट, डोळे लाल. "ताई, डबा सांडला अंगावर." सगळे असंच काहीतरी सांगतात. एकाने मला शपथेवर सांगितलं होतं की दात दुखत होता म्हणून हिरडीला लावली.

मी आवाज चढवला नाही. अशा वेळी माझं डोकं अगदी शांत चालतं, कुठलं काम कधी करायचं ते आपोआप समोर येतं. वॉर्डला फोन केला, खाट आहे का विचारलं, खिडकीजवळची ठेवायला सांगितली. अटेंडंटला श्वास तपासायचं यंत्र घेऊन ये म्हटलं. मिस्तरीला फोन लावला, लागला नाही. लेकीला चहा टाकायला सांगितला. मग बॅग. तीन शर्ट, दोन पायजमे, दाढीचं सामान ब्लेड काढून, वाचायचा चष्मा, लोकरीचे मोजे, कारण वॉर्डातली फरशी गार असते, आणि जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून. बारा मिनिटं! मागच्या खेपेला वीस लागली होती. मध्येच दोन कप चहा झाला, आणि कितीतरी महिन्यांनी चहाला चव लागली. भूकही लागली. उभ्या उभ्या चार स्लाइस ब्रेड खाल्ला, लोणी लावून.

टिल्लू दाराजवळच्या खुर्चीत बसून होता. एकदाच म्हणाला, "ताई, मला आधी विचार तरी."

"विचारायचे दिवस गेले," मी म्हटलं.

अटेंडंट आला. दहा वर्षं आम्हाला ओळखतो, बिचारा पायपुसण्यावरच उभा राहिला. यंत्राच्या नळीत टिल्लूने फुंकलं. शून्य. मी म्हटलं, यंत्र बिघडलं असेल. त्याने पिशवीतून दुसरं काढलं. शून्य. "पुन्हा," मी म्हटलं. अटेंडंट माझ्याकडे नुसता बघत राहिला. टिल्लूने त्याच्या हातातून नळी घेतली आणि तिसऱ्यांदा फुंकलं, जोरात, मान लाल होईपर्यंत.

"मॅडम, शून्यच आहे," अटेंडंट म्हणाला. मग म्हणाला, "अभिनंदन."

टिल्लू उठला. बॅग भरलेलीच होती, ती घेतली. "मिस्तरीकडे झोपतो," म्हणाला. बूट त्याने काढलेच नव्हते.

काय वाटलं: काही नाही. म्हणजे, शून्य आलं तेव्हा आत जे काही चालू होतं ते बंद पडलं. काय चालू होतं ते सांगता येत नाही.

१३ फेब्रुवारी

लेक आज दिवसभर माझ्याभोवती घुटमळत होती. शेवटी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "आई, परवा तू गाणं म्हणत होतीस."

"कधी?"

"मामाची बॅग भरताना. गुणगुणत होतीस. मी बाहेर चहा गाळत होते, मला वाटलं काहीतरी मस्त झालंय, म्हणून आत बघायला आले."

"काहीतरीच काय!"

"खरंच. आणि एक सांगू? रागावू नकोस. मी लहान असताना मामा वॉर्डात असला ना, की आपल्या घरी मजा असायची. तू मला शाळेत सोडायला यायचीस. वेण्या घालायचीस. तो घरी आला, बरा असला, की तू नुसती बसून राहायचीस."

मी म्हटलं, लहानपणीच्या आठवणी फसव्या असतात, यावर बराच अभ्यास झालेला आहे. ती म्हणाली, "बरं." उरलेल्या घड्या तिने एकटीनेच घातल्या.

काही नाही.

१६ फेब्रुवारी

मिस्तरीचा फोन. आवाज मोठा, बहुतेक रंधा चालू होता मागे.

"मॅडम, तो ठीक आहे, काळजी करू नका. त्या दिवशी डबा माझ्याच हातून निसटला हो, बरोबर त्याच्या मांडीवर. थोडक्यात डोळे वाचले त्याचे. तुमच्या स्टुलाचं पॉलिश चाललं होतं, चार थर झालेले, पाचवा राहिलाय. आणि खोलीची चावीपण मिळाली त्याला परवा. छान आहे खोली, वरचा मजला."

"कुठली खोली?"

पलीकडे रंधा थांबला. "म्हणजे... तुम्हाला सांगितलं नाही होय त्याने?"

फोन ठेवल्यावर तक्ता काढून बसले. उशिरा येणं, खोल्या बघायला. गॅलरीतले फोन, घरमालकाचे. निळा शर्ट, घरमालकाला भेटायला. जेवण, मिस्तरीकडे. स्टूल. नऊच्या नऊ चिन्हं मी अचूक टिपली होती. कशाची चिन्हं, एवढंच चुकलं.

टिल्लूला फोन केला. उचलला त्याने. म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"ताई, तुला सांगितलं असतं तर तू खोली बघायला आली असतीस."

"मग? त्यात काय वाईट आहे?"

"मग खोली तुझी झाली असती."

काय वाटलं: तोंडात मारल्यासारखं. पण दुखलं नाही.

२० फेब्रुवारी

ज्युनियर माझ्या केबिनमध्ये आली, दार लावून घेतलं. आठ वर्षांपूर्वी हीच मुलगी पहिल्या बैठकीनंतर जिन्यात रडत बसली होती, मी पाणी दिलं होतं. आज उभीच राहिली.

"मॅडम, तुमच्या भावाने कुटुंबाची बैठक मागितली आहे. खोलीवर राहायला जाण्याआधी. दुसऱ्या केंद्रात पाठवते म्हटलं तर ते म्हणाले, इथेच हवी, त्याच आरशासमोर. मी घेतली तर चालेल?"

"कुटुंब म्हणजे कोणकोण?"

"तुम्ही, मॅडम."

मी डायरी उघडली, चाळली, सव्वीस तारीख दिली. ती जाताना म्हणाली, "काचेमागे कोणी नको असेल तर तसं सांगा." म्हटलं, "छे, विद्यार्थ्यांचं नुकसान कशाला?"

काय वाटलं: काही नाही. हात गार पडले होते, केबिनमधला एसी जास्त आहे.

२६ फेब्रुवारी

आरसा इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. ती खोली मीच बांधून घेतली, काच मी निवडली, पण त्या खुर्चीत मी कधीच बसले नव्हते. समोर बघितलं की आपणच दिसतो. मागे कोणकोण बसलंय, कोण लिहून घेतंय, काही कळत नाही. आणि पाच मिनिटांत कोणीही विसरत नाही. हे मी वीस वर्षं चुकीचं शिकवत आले.

टिल्लू निळा शर्ट घालून आला होता. ज्युनियरने त्याला विचारलं, काय हवंय. तो म्हणाला, "मला खोलीवर जायचंय. पण पळून गेल्यासारखं नाही. ताईने हो म्हटलं पाहिजे. आणि नुसतं तोंडाने नाही."

मी लगेच हो म्हटलं. स्वतंत्र राहणं हा बरं होण्यातला महत्त्वाचा टप्पा आहे, आम्ही नेहमीच प्रोत्साहन देतो.

"बघा," टिल्लू ज्युनियरला म्हणाला. "हे असं."

मग भिंतीवरचा फोन वाजला. ज्युनियरने उचलला, ऐकला, ठेवला. तिच्या मानेवर डाग उठले, ती घाबरली की उठतात. "मॅडम, काचेमागून प्रश्न आलाय." तिला तो लिहून घ्यायची गरज नव्हती. "तो कायमचा बरा झाला, तर या घरात कोणाचं काय जाईल?"

मी उत्तर द्यायला लागले. सांभाळणाऱ्याची भूमिका, घराचा समतोल, आणि बदलाला होणारा... चांगलं बोलत होते. टिल्लू हळूच म्हणाला, "ताई, तू तास घेतेस." मी गप्प झाले. खुर्ची करकरली, माझीच. किती वेळ गेला असेल, तीन मिनिटं असतील. अशा वेळी मध्ये बोलायचं नाही हे ज्युनियरला मीच शिकवलंय.

मग मी म्हटलं, "साडेसहा."

"म्हणजे, मॅडम?"

"साडेसहाला मी दारात उभी राहते. त्याचा वास घ्यायला. दिवसभरात मला तेवढंच काहीतरी होतं. छातीत धडधडतं. त्याने प्यायलेली नसली की ते थांबतं आणि मग दुसऱ्या दिवशी साडेसहापर्यंत काही नसतं."

टिल्लू म्हणाला, "मला माहितेय ताई. म्हणून तर मी बूट काढायला वेळ लावतो. तुला नीट घेता यावा म्हणून."

हे ऐकून मी आरशात बघितलं. समोरची बाई आईसारखी बसली होती, गुडघे जुळवून. आई बाबांचा वास घ्यायची, त्याच स्टुलावरून, आणि मी आत उभी राहून आईचा चेहरा वाचायचे. आज जेवण होणार की नाही ते त्यावरून कळायचं. हे मी मोठ्याने बोलले असेन, कारण टिल्लू म्हणाला, "आणि मी तुझा." त्या तिघा-चौघांच्या रांगेत माझी लेक कुठे उभी होती ते मला विचारायचं होतं, पण उत्तर देणारी ती तिथे नव्हती.

"त्या दिवशी मी गाणं म्हणत होते," मी त्याला म्हटलं. "तुझी बॅग भरताना."

"ऐकलं मी."

"मला लाज वाटते रे."

शब्द मिळाला, एकच.

२ मार्च

टिल्लू उरलेलं सामान न्यायला आला. दोन खोकी, एक गादी. टेम्पोत मिस्तरीने स्टूल आणलं होतं, ते टिल्लूने वर आणून दाराजवळ ठेवलं. पाच थर. बोट फिरवलं तर सरकतं. वास आहे अजून, महिनाभर राहील म्हणाला.

"हे तुला. बसायला. उभं राहू नकोस आता."

निघताना अट घातली: "आठवडाभर फोन करायचा नाही. मिस्तरीलाही नाही. रविवारी मी करीन."

"आणि काही झालं तर?"

"झालं तर वॉर्डचा नंबर पाठ आहे मला. तूच करून घेतलायस."

लेकीने खाली जाऊन त्याला टाटा केला. उद्या तीही जाते. तिची बॅग आज मी भरली नाही, ती भरत असताना शेजारी बसले. वेणी घालू का विचारलं. "आई, मी एकोणीस वर्षांची आहे," म्हणाली, आणि पाठ करून बसली.

काय वाटलं: केस मऊ आहेत तिचे. हे वाटणं नाही, पण असू दे.

५ मार्च

६.३० ला दारात गेले. दार उघडलं, जिन्यात कोणी नाही. कोणाचा तरी साबणाचा वास. बंद केलं. स्टुलावर बसले. फोन हातात होता. त्याचा नंबर काढला आणि नुसता बघितला. तीन वेळा. मिस्तरीचाही काढला. मिस्तरीला पॉलिशबद्दल विचारलं तर ते फोन करणं धरणार का, यावर बराच विचार केला, एखाद्या पिणाऱ्यासारखा. मग फोन फ्रीजवर ठेवून आले.

रडू आलं. स्टुलावर बसूनच रडले, चांगली हमसून. किती वाजेपर्यंत ते बघितलं नाही.

काय वाटलं: एकटं. भीती. लाज परत. भूक. नियम एका शब्दाचा आहे, माहीत आहे.

८ मार्च

रविवार. सकाळी दहाला फोन आला. मी दुसऱ्या रिंगला उचलला. पहिल्या रिंगला उचलायचं नाही असं ठरवलं होतं.

"कशी आहेस?"

"आहे. तू?"

"मजेत."

त्याच्या श्वासाचा आवाज येत होता आणि मी तो ऐकत होते, जीभ जड आहे का, शब्द ओढतोय का, सगळं, सवयीने. त्याला ते कळलं.

"विचार की," तो म्हणाला. "काय विचारायचंय ते विचारून टाक एकदा."

माझ्या ओठावर होतं. बावीस आणि सव्वा वर्षं मी तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत आले.

"खोलीत ऊन येतं का रे?" मी विचारलं.



"येतं," म्हणाला. "सकाळी. पलंगाच्या पायथ्यापर्यंत येतं, मग साडेनऊला जातं."